आपट्याच्या डोंगरात जाई संघासोबत

लोक हिमालयात जाऊन येतात आणि मग लिहितात. मी आपट्याला जाऊन आले. आमच्या नवीन पनवेलच्या घरापासून आपटा इतकं जवळ आहे की नवऱ्याने विचारलंच, "त्यात लिहिण्यासारखं काय असणार? तालुका तरी ओलांडलास का?" नाही ओलांडला. तरी लिहिते आहे, कारण परत आल्यापासून भाजी निवडताना, ऑफिसात फाइल उघडताना, मधूनच ते माळरान डोळ्यांपुढे येतं आणि हातातलं काम राहून जातं.

झालं असं, की इराच्या शाळेच्या गाईड पथकाचं हिवाळी शिबिर ठरलं. पथकाच्या कॅप्टन म्हात्रे बाईंसोबत आणखी एक मोठी बाई हवी, असा नियम. बाकीच्या आयांना ऐन वेळी लग्नं, पाहुणे आणि कंबरदुखी आठवली. मला काहीच न सुचल्यामुळे मी सापडले. इरा नववीत आहे आणि पथकातल्या मोगरा संघाची संघनायिका आहे. तिला माझं येणं मुळीच पसंत नव्हतं. "एक अट," ती म्हणाली, "तिथे तू माझी आई नाहीस." मी म्हटलं, बरं बाई, तेवढीच मला सुट्टी.

शाळेच्या फाटकाशी आमच्याच इमारतीतल्या नसीमभाभी त्यांच्या सनाला सोडायला आल्या होत्या. सना पाचवीत, पथकातली अगदी नवी. रात्रीची घराबाहेर कधी राहिलेली नाही. भाभींनी आधी साफ नकार दिला होता. इराच त्यांच्या घरी जाऊन बसली आणि "आंटी, मी आहे ना," असं सांगत राहिली, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. बस सुटताना त्यांनी खिडकीतून इराचा हात धरला. "तू आहेस म्हणून सोडतेय हं. तुझी जिम्मेदारी. काही कमीजास्त झालं तर हे पहिलं आणि हेच शेवटचं." इरानं मान डोलावली. सना तेवढ्यात बॅगेतला खजूर शेजारणीला वाटून मोकळी झाली होती.

नदीकाठचा मळा

पळस्प्याच्या फाट्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो, त्याबद्दल काय सांगायचं, तिथे सगळेच अडकतात. गोव्याच्या रस्त्याला लागलो आणि कर्नाळ्याचा सुळका दिसू लागला तशी हवा बदलली. आपटा गाव मागे टाकून पाताळगंगेच्या काठच्या एका मळ्यात आम्ही उतरलो. मळा म्हात्रे बाईंच्या मावशीचा. मावशींचं नाव सुमन, पण अख्खं पथक त्यांना सुमनकाकीच म्हणत होतं.

मुलींनी रांगेत उभं राहून काकींशी हस्तांदोलन केलं, तेही डाव्या हातानं. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे डाव्या हातानं साधा प्रसाद घेतला तरी आजी हातावर चापट मारायची. काकींनाही तो प्रकार चमत्कारिक वाटला.

"अगो, डावा हात कशाला देताव?"

"काळीज डावीकडे असतं ना काकी, म्हणून," सना म्हणाली. हे तिला नुकतंच शिकवलेलं होतं आणि कधी एकदा सांगते असं झालं होतं.

"आसं हाय काय? मंग दे." काकींनी पदराला हात पुसला आणि डावा हात पुढे केला.

तंबू उभारताना मी एका दोरीला माझ्या मते चांगली भक्कम गाठ मारली. थोड्या वेळानं पाचवीतल्या दोन मुली आल्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, काही न बोलता माझी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पुढचे दिवस मी दोरीला हात लावला नाही. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी आधी पाहुण्यासारखी वाटते. इतकी वर्षं पनवेलला काढूनही मला वाटायची. काकींच्या चुलीपुढे बसून खाल्ली आणि मी त्या भाकरीची झाले.

इथे एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू होतं. सकाळी गळ्यात स्कार्फ घातला की त्याच्या टोकाला मुली एक छोटी गाठ मारतात. दिवसभरात कुणाचं तरी एक काम करायचं, कुणी न सांगता, आणि मगच ती गाठ सोडायची. याला सत्कृत्य म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण मळ्यात सगळ्यांच्याच गाठी सोडवायच्या बाकी असल्या की कसली चढाओढ लागते! काकींच्या हातातली कळशी दोघी ओढत होत्या, आणि काकी त्या दोघींच्या मधोमध रिकाम्या हातानं उभ्या होत्या.

खुणांची वाट

दुसऱ्या दिवशी डोंगरात खुणांच्या वाटेनं जायचं होतं. चाफा संघ म्हात्रे बाईंसोबत आधी निघणार आणि वाटेवर दगडांचे बाण मांडत जाणार. त्यांच्या मागून जाई संघ, म्हणजे सगळ्या लहानग्या. सोबत मी. सर्वांत शेवटी इराचा मोगरा संघ. त्यांच्यासोबत बाईंचा कॉलेजातला भाचा. शेवटच्या संघानं बाण मोडत, दगड विखरून टाकत यायचं, म्हणजे आपल्यामागे डोंगरावर आपली काही खूण राहू नये. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळावर, सगळ्यांनी भेटायचं आणि भांड्यांशिवाय स्वयंपाक करायचा. जाईची नायिका त्या दिवसापुरती सना होती. मला बजावलेलं होतं, की जिवाशी गाठ आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वाट मुली शोधतील.

सुरुवातीला सना प्रत्येक बाणापाशी थांबून "बाण!" असं जाहीर करत होती. चढ सुरू झाला. वाळलेल्या गवताचा तो करडा-पिवळा रंग, मधूनच एखादी पळसाची काटकुळी फांदी, खाली नदीची चकाकती रेघ. मी दम खात होते आणि मुली माझ्यासाठी थांबत होत्या. तेवढ्यात बाजूच्या उतारावर एक म्हातारी दिसली. डोक्यावरची लाकडांची मोळी उतरवून ती दगडावर बसली होती.

जाई संघातल्या कुणाचीच गाठ सुटलेली नव्हती. मला काही कळायच्या आत सगळ्या उतारावर धावल्या. मोळी सुटली, प्रत्येकीच्या वाट्याला लाकडं आली आणि आमची वरात म्हातारीच्या वाडीकडे निघाली. म्हातारी मागून येत "राहू द्या, राहू द्या गो" म्हणत होती, आणि हसतही होती. तिच्या अंगणात लाकडं रचून झाल्यावर मुलींनी ओळीनं उभं राहून स्कार्फच्या गाठी सोडल्या. तिनं आम्हाला गुळाचे खडे दिले आणि परतीची जवळची वाट दाखवली. "मागं कशाला जाताव? इकडून जा, सरळ वाट लागल."

वाट लागली खरी. पण तिच्यावर बाण नव्हता. थोडं पुढे गेलो, नाही. थोडं मागे आलो, नाही. गुरांच्या पायवाटा गवतातून सगळीकडे फुटलेल्या होत्या आणि सगळ्या सारख्याच खऱ्या वाटत होत्या. म्हातारीची वाडी कुठल्या बाजूला राहिली, तेही मला सांगता येईना. फोन काढला, तर नेटवर्क नाही. सहा परक्या लेकी माझ्या हवाली होत्या.

सना वाकून जमीन बघत होती. "काकू, इथे दगड होते," ती म्हणाली. मातीत ओलसर, काळपट डाग होते, दगड उचलल्यावर राहतात तसे. त्यांवर मुंग्या सैरावैरा पळत होत्या. "बाण होता. मोडलाय." तिनं जरा विचार केला. "मोगरा पुढे गेला. आपण त्या आजीकडे होतो ना, तेव्हा. त्यांना वाटलं आपण पुढेच आहोत."

मी म्हटलं, "अगं, मग आपण सरळ नदीकडे उतरू. नदी दिसतेय ना?"

"नको काकू. आपण हललो तर शोधायला आलेल्यांना आपण सापडणार नाही. इथे खूण होती, म्हणजे ते इथेच परत येतील. इथेच थांबायचं." एवढं म्हणून तिनं खालचा ओठ दातात धरला. डोळे भरून आले होते.

मी मोठी, मी आई, मला निर्णय घ्यायची सवय. पण त्या पोरीचं म्हणणं बरोबर होतं. मी एका दगडावर बसले.

तिनं एका झुडपावर स्कार्फ उंच बांधला. सगळ्यांच्या बाटल्या एकत्र करून एकेक घोट पाणी दिलं. एक मुलगी म्हणाली, सोबतचे बटाटे भाजू या का? तर सना म्हणाली, "गवत वाळलंय, आग नाही." मग ती शिट्टी वाजवू लागली. तीन फुंकरी, थांबायचं, पुन्हा तीन. आणि ती रडत होती. रडताना शिट्टी वाजवणं किती कठीण असतं हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? श्वास मधेच तुटतो, शिट्टीतून नुसती थरथर निघते. ती नाक पुसायची, स्कार्फ झुडपावर म्हणून बाहीनं, आणि पुन्हा तीन फुंकरी पुऱ्या करायची. मी म्हटलं, "दे, मी वाजवते." तिनं मान हलवून नकार दिला. तिला जवळ घ्यावं असं इतकं वाटलं, पण तेव्हा ती नायिका होती. मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले.

बऱ्याच वेळानं वरून उत्तर आलं. तीन शिट्ट्या.

गवत बाजूला सारत इरा पुढे आली. तिच्यामागे म्हात्रे बाई. इरा माझ्याकडे आली नाही. तिनं जाई संघातल्या प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत सगळ्या मोजल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या. सनापुढे ती गुडघ्यावर बसली.

"बाण मी मोडले."

"माहितीये," सना म्हणाली आणि आता कुठे मोठ्यानं रडायला लागली.

पोपटी

संध्याकाळी काकींनी पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना समजावणं अवघड, पण बघते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा, पुन्हा वर पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. आमच्याकडे याच दिवसांत हुरडा असतो. हुरड्याला दही, गूळ, चटण्या, असा सगळा सरंजाम लागतो. पोपटीला काही लागत नाही, मडकं उघडलं की तिचा वासच पुरे. शेंग सोलायची आणि तोंडात टाकायची. बोटं काळी होतात, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

काकींना दुपारचा प्रकार कळला होता. त्यांनी सनाच्या पुढ्यात निवडून मोठ्या शेंगा टाकल्या. "एवढ्याशा पोरी डोंगरान बसल्या. रडली नाय काय गो?"

"रडले ना," सना म्हणाली. "पण शिट्टी वाजवली."

"मंग झालं तं."

इरा पोपटीपासून लांब बसली होती. शेंगा तशाच तिच्या हातात होत्या. म्हात्रे बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. बाई रागावतील असं मला वाटलं होतं, खरं तर त्यांनी रागवावं आणि विषय संपावा असंही वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. "पालकांना कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "उद्या मी सांगेन. शिबिराची जबाबदारी माझी आहे."

"इतरांच्या पालकांना तुम्ही सांगा, बाई," इरा म्हणाली. "सनाच्या अम्मीला मी सांगते. त्यांना शब्द मी दिला होता."

म्हात्रे बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि फक्त, "बरं," म्हणाल्या. मग तिच्या हातातली शेंग सोलून दाणे तिच्या तळहातावर ठेवले.

परतीची बस

बसमध्ये सना इराच्या शेजारी जाऊन बसली. मी मागच्या बाकावर होते. कान देऊ नये हे मला कळतं, पण आईचे कान काही विचारून उघडत नाहीत.

"ताई, अम्मीला नको ना सांगू."

"सांगायला पाहिजे."

"मला परत कधीच नाही पाठवणार ती. बाकीच्या जातील, मी नाही जाणार." मग अगदी हळू आवाजात, "मी तर घाबरलेसुद्धा नाही जास्त."

इरा खिडकीबाहेर बघू लागली. कर्नाळा मागे गेला, पळस्पे आलं, तरी ती बाहेरच बघत होती. मला मनापासून वाटत होतं, पोरी, राहू दे. सगळ्या सुखरूप आहेत, कुणाला खरचटलंही नाही. तुझ्या खरं बोलण्याची किंमत त्या एवढ्याशा मुलीनं का द्यायची? हे मी पुढे वाकून तिला सांगणारही होते. हात तिच्या बाकाच्या पाठीवर ठेवला होता. पण शिबिरात मी तिची आई नव्हते आणि शिबिर अजून संपलं नव्हतं, म्हणून हात मागे घेतला. आता वाटतं, बरं झालं.

पनवेल

नसीमभाभी फाटकाशीच उभ्या होत्या. सनाला त्यांनी कुशीत घेतलं, तिच्या केसांतलं गवत काढलं, काळी बोटं पाहून कपाळाला हात लावला. सना त्यांना चिकटून इराकडे बघत होती आणि डोळ्यांनीच नको, नको म्हणत होती.

इरा जाऊन सरळ उभी राहिली. "आंटी, सना डोंगरात वाट चुकली होती. माझ्यामुळे."

भाभींचा हात सनाच्या केसांतच थांबला.

इरानं सगळं सांगितलं. बाण, मोडण्याचा नियम, म्हातारीची मोळी. आणि मग एक गोष्ट अशी सांगितली, जी तोवर मलाही माहीत नव्हती. "वाटेत एका ठिकाणी ओल होती, आंटी. तिथे फक्त चाफा संघाच्या बुटांचे ठसे होते. लहान बुटांचे नव्हते. ते मला दिसलं. या गेल्या कुठून, असं मनात आलं. पण थांबून बघितलं असतं तर आमचा संघ उशिरा पोचला असता. म्हणून थांबले नाही, आणि बाण मोडले." तिनं एकवार सनाकडे पाहिलं. "सनाचं काहीच चुकलं नाही. तिनं सगळ्यांना एका जागी बसवून ठेवलं, म्हणून त्या सापडल्या. तिला पुढच्या वेळी पाठवा. मी नको असेन तर मी येणार नाही."

माझी लेक एका आईपुढे उभी राहून हे बोलत होती आणि मी चार पावलांवर होते. तिच्या बाजूनं काहीतरी बोलावं म्हणून माझी जीभ शिवशिवत होती. निदान एवढं तरी, की लहान आहे हो, चुकली. पण तिनं तसलं काही मागितलं नव्हतं.

नसीमभाभींना राग आला होता, दिसत होता. नाकपुड्या फुलल्या होत्या. त्यांनी सनाला स्वतःसमोर धरलं. "घाबरलीस?"

"हो," सना म्हणाली. "खूप."

"मग काय केलंस?"

"शिट्टी वाजवली. कुणालाच हलू दिलं नाही. काकूंनापण."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, खरं होतं ते. त्यांनी सनाची बॅग खांद्यावर घेतली, तिचा हात धरला आणि रिक्षाकडे चालू लागल्या. इरा तशीच उभी राहिली. मला वाटलं, संपलं. सनाचंही आणि हिचंही.

रिक्षापाशी भाभींनी सनाला आत बसवलं, बॅग तिच्या मांडीवर ठेवली आणि त्या परत आल्या. इराच्या अगदी समोर येऊन थांबल्या.

"पुढच्या वेळी ही येईल तेव्हा," त्या म्हणाल्या, "तू सगळ्यात मागून चाल. तुझ्यामागे कुणी राहिलं नाही हे बघत चाल. समजलं?"

"हो, आंटी," इरा म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.